वर्गणी बंद करा, शाळापट्टी लावा

जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलात तर मुख्याध्यापकांना एकच गोष्ट विचारा: या शाळेतलं सरकारने दिलेलं काय आणि गावाने दिलेलं काय? वर्गखोली, गणवेश, पुस्तकं आणि पोषण आहार सरकारचा. पण टीव्ही संच, पाण्याचा फिल्टर, भिंतींचा रंग, संगणक, कुंपण, गॅदरिंगचा मंडप, मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार ही यादी बहुतेक ठिकाणी गावाच्या नावावर निघते. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर हजारो शाळा ‘डिजिटल’ झाल्या, त्याही मुख्यतः लोकसहभागातून. त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण आधी कौतुक म्हणून झालेली गोष्ट नंतर गृहीत धरली गेली. आज शाळेचं छत गळतं म्हणून तालुक्याला अर्ज गेला, तर ‘लोकसहभागातून बघा की काही’ हे उत्तर तोंडीच मिळतं.

कपात नेहमी अर्थसंकल्पाच्या भाषणात जाहीर होत नाही. ती अशी हळूच होते. शिक्षक निवृत्त होतो आणि जागा भरली जात नाही. राज्यात २०१२ नंतर कित्येक वर्षं शिक्षकभरती जवळजवळ थांबलेली होती. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं. पट तीसच्या आत असेल तर १० हजार रुपये, शंभरपर्यंत असेल तर २५ हजार. म्हणजे वाडीवस्तीवरच्या लहान शाळेला महिन्याला ८३३ रुपये पडतात. त्यातून खडू, फिनेल, हजेरीपट, नळाची तोटी, विजेचं बिल आणि किरकोळ दुरुस्ती भागवायची. शिवाय दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखून ठेवायची. बिल थकल्यामुळे वीज तोडलेल्या शाळांच्या बातम्या दर वर्षी येतात. गावाने टीव्ही दिलेला असतो, आणि तो लावायला वीज नसते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. शाळेसाठी गाव पैसा देतंच आहे. प्रश्न गावाने द्यावा की नाही हा उरलेला नाही, कोणत्या रीतीने द्यावा हा आहे. वर्गणी ही त्यातली सगळ्यात वाईट रीत आहे. ती बंद करून ग्रामपंचायतीने कायद्याने शाळापट्टी लावावी, आणि त्या पट्टीच्या प्रत्येक रुपयामागे राज्य सरकारने स्वतःचा पैसा घालावा. गाव जितकं गरीब तितका जास्त.

वर्गणी वाईट का, हे कळायला वर्गणीची वही जवळून बघावी लागते. शंभर पानी, शाळेतलीच, रेघा मारलेली वही. डावीकडे नाव, मग रक्कम, मग ‘जमा’ किंवा ‘बाकी’. पहिल्या पानावर सरपंच, सोसायटीचे चेअरमन, मुंबई-पुण्याला नोकरी करणारे गावचे दोघे-तिघे, एखादा ठेकेदार. पाच हजार एक, अकराशे अकरा. पुढे आकडे उतरत जातात. शेवटच्या पानांवर पन्नास, वीस, ‘एक दिवस श्रमदान’, आणि काही नावांपुढे नुसती रेघ. त्या रेघा कुणाच्या ते सांगायला नको. ऊसतोडीला गेलेली घरं, गायरानावरची वस्ती, एकट्या बाईचं घर. ज्यांची पोरं खात्रीने याच शाळेत आहेत, कारण त्यांना दुसरी शाळा परवडत नाही, त्यांचीच नावं शेवटी, आणि ‘बाकी’ म्हणून.

मग १५ ऑगस्टला शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. देणगीदारांची नावं, रकमांसकट. तिसरीतल्या मुलाला वाचता येतं. आपल्या बापाचं नाव त्यात नाही हे त्याला कळतं आणि शेजारी बसणाऱ्याच्या बापाचं आहे हेही कळतं. जी शाळा त्याला संविधानाच्या २१-अ कलमाने हक्काने मिळालेली आहे, ती त्याला त्या फ्लेक्सखालून आत जाताना कुणाच्या तरी उपकाराने मिळाल्यासारखी वाटते. मला वर्गणीच्या विरोधात दुसरं कारण नसतं तरी एवढं पुरलं असतं.

दुसरीही कारणं आहेतच. वर्गणीत ज्याच्याकडे जास्त आहे तो जास्त देईलच असं नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही तो देतो. वीस एकर बागायत असलेला माणूस दोनशे रुपयांत सुटतो आणि अंगणवाडी मदतनीस पाचशे देते, कारण मागायला आलेले पाचजण तिच्या दारात उभे असतात. पहिल्या वर्षी उत्साह असतो, तिसऱ्या वर्षी त्याच त्या चार घरांवर भार येतो. वर्गणीतून पाच-सहा हजारांवर नेमलेली गावातली डी.एड. झालेली मुलगी जूनमध्ये रुजू होते आणि दिवाळीनंतर तिचं मानधन थकतं. आणि ज्या मुख्याध्यापकांनी शिकवायचं, ते दर शनिवारी गावात पावतीपुस्तक घेऊन हिंडतात. हिशेब चोख ठेवला तरी लोक बोलतात, नाही ठेवला तर चौकशी लागते. पैशाच्या आरोपाने चांगल्या शिक्षकाचं मन मोडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

कर हा या सगळ्याच्या उलट असतो. तो ग्रामपंचायतीच्या नमुना ८ या कर आकारणीच्या नोंदवहीतून, घराच्या आकारणीवरून ठरतो. दारात आलेल्या माणसांच्या संख्येवरून नव्हे. त्यात सूट देता येते आणि ती सूट मागावी लागत नाही. हमरस्त्यावरचा ढाबा, पेट्रोल पंप, मोबाइलचा टॉवर, शेतातला रिसॉर्ट, कारखान्याची शेड यांना जास्त दर लावता येतो. कच्च्या घराला शून्य. त्याचं लेखापरीक्षण होतं. आणि कर भरणाऱ्याला विचारायचा हक्क मिळतो. देणगीदाराला फक्त सत्कार मिळतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो मला सगळ्यात जवळचा आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण मोफत देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, मग गावाने पुन्हा कर का भरायचा? आपण आधीच भरतो आहोत. आणि हे खरं आहे. शहरात मालमत्ता कराचं बिल उघडून बघा, त्यात राज्याचा शिक्षण कर वेगळा लावलेला दिसेल; १९६२च्या कायद्यापासून तो चालू आहे. केंद्राने २००४ मध्ये करांवर दोन टक्के शिक्षण उपकर लावला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का, आणि २०१८ पासून आरोग्य धरून तो चार टक्के झाला. यातल्या माध्यमिक आणि उच्च शिक्षणाच्या उपकराचं काय झालं, ते सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने नोंदवून ठेवलं आहे. २००६-०७ ते २०१६-१७ या काळात ८३ हजार ४९७ कोटी रुपये गोळा झाले आणि ज्या निधीत ते जायला हवे होते तो निधीच त्या काळात उभा राहिला नव्हता. शिवाय उपकराचा पैसा राज्यांमध्ये वाटला जाणाऱ्या करांच्या गंगाजळीत येत नाही, त्यामुळे शाळा चालवणाऱ्या राज्याला त्यात हक्काचा हिस्सा नाही.

ही तक्रार नवी नाही, आपल्याकडे ती दीडशे वर्षांची आहे. मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आण्याचा ‘लोकल फंड’ लागला. त्यातला एक तृतीयांश शाळांसाठी होता. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी बोट ठेवलं ते नेमकं इथेच. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असं त्यांनी सांगितलं. पण म्हणून कर काढून टाका असं ते म्हणाले नाहीत. पैसा रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शाळेवर लावा, ते शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, असं ते म्हणाले. त्यांचं भांडण पैसा वर जातो आणि खाली परत येत नाही याच्याशी होतं.

म्हणूनच शाळापट्टीची पहिली अट ही असावी की तो पैसा गावाबाहेर जाताच कामा नये. ग्रामपंचायतीने घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कराबरोबर तो वसूल करावा आणि महिन्याभरात शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात वर्ग करावा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, हे कायद्यानेच ठरलेलं आहे. त्याच कायद्याच्या २२व्या कलमात शाळा विकास आराखडा करायची जबाबदारी या समितीवर आहे. आज तो आराखडा बहुतेक ठिकाणी फाइलला लावण्यापुरता तयार होतो, कारण त्यामागे पैसाच नसतो. पट्टीचा खर्च त्या आराखड्यात लिहिलेल्या कामांवरच व्हावा. ही अट मी हट्टाने घालतो, कारण गावाचा पैसा मोकळा सोडला की त्याचं प्रवेशद्वाराची कमान आणि पेव्हिंग ब्लॉक यांत कसं रूपांतर होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कमानीवर नाव लिहिता येतं, वाचनालयातल्या पुस्तकांवर कुणाला लिहायचं नसतं.

आता दुसरा आक्षेप. तो जास्त अवघड आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. गावाच्या करावर शाळा चालायला लागली की श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची गरीब होईल. हे नुसतं भय नाही, हे घडलेलं आहे. अमेरिकेत सरकारी शाळांचा मोठा खर्च पिढ्यान्‌पिढ्या स्थानिक मालमत्ता करातून होत आला. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात एजवूड आणि अलामो हाइट्स असे दोन शालेय जिल्हे होते. एजवूडमध्ये मुख्यतः मेक्सिकन वंशाचे कष्टकरी, अलामो हाइट्समध्ये सुखवस्तू गोरे. १९६७-६८ सालचे आकडे न्यायालयात मांडले गेले. एजवूडच्या लोकांनी मालमत्तेच्या दर शंभर डॉलरवर १.०५ डॉलर कर भरला, अलामो हाइट्सने ८५ सेंट. म्हणजे गरिबांनी स्वतःवर जास्त दराने कर लावून घेतला होता. तरी स्थानिक करातून राज्याच्या निधीत भरायचा वाटा वजा जाता एजवूडला एका मुलामागे २६ डॉलर मिळाले आणि अलामो हाइट्सला ३३३. राज्याचे आणि केंद्राचे पैसे धरूनही एका मुलावरचा एकूण खर्च एजवूडमध्ये ३५६ आणि अलामो हाइट्समध्ये ५९४ डॉलर राहिला.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचतो. एजवूडच्या आईबापांत मुलांच्या शाळेविषयी आस्था कमी होती असं कुणालाही म्हणता येणार नाही, ते तर जास्त दराने देत होते. त्यांच्याकडे कर लावायला मालमत्ताच नव्हती. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरले. पुढे राज्याच्या न्यायालयात १९८९ मध्ये त्याच जिल्ह्याने टेक्सासची ती पद्धत रद्द करून घेतली. १९९३ मध्ये श्रीमंत जिल्ह्यांच्या करातला काही भाग गरीब जिल्ह्यांकडे वळवण्याचा कायदा झाला. वीस-पंचवीस वर्षांची ही लढाई. तोवर एजवूडच्या किती मुलांची शाळा संपून गेली असेल.

आपल्याकडे हेच अंतर पुणे जिल्ह्यातल्या चाकण-रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यातल्या ग्रामपंचायती आणि नंदुरबारमधल्या अक्राणी किंवा पालघरमधल्या मोखाड्याच्या डोंगरातल्या ग्रामपंचायती यांच्यात आहे. एकीकडे कारखान्यांच्या शेडवरची घरपट्टी लाखा-कोटींत, दुसरीकडे कुडाच्या घरांची आकारणी काही हजारांत आणि वसुली त्याहून कमी. लोकसहभागाचं आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीचं चित्रही असंच आहे. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा राज्यभर गाजली. गावाने जमीन दिली, बाहेरचा निधी आला, शिक्षक आणि पालक झटले. त्यांच्या कष्टाला मी मनापासून मानतो. पण कंपन्यांचा निधी अक्राणीतल्या पाड्यापर्यंत तितक्या सहजपणे चालत जात नाही, हे सांगितलं तर त्यात वाबळेवाडीचा अपमान नाही.

म्हणून समान दराची पट्टी आणि विषम दराचं अनुदान अशी जोडी हवी. सोपं उदाहरण घेऊ. तीनशे घरांच्या बागायती गावाने घरामागे सरासरी तीनशे रुपये लावले तर नव्वद हजार जमतील. राज्याने तिथे रुपयाला रुपया घालावा किंवा त्याहून कमी घातला तरी चालेल. साठ घरांच्या पाड्यात त्याच दराने घरामागे सरासरी पन्नासच निघाले तर तीन हजार. तिथे राज्याने रुपयाला दहा-अकरा रुपये घालावेत, म्हणजे त्या पाड्याची शाळाही मुलामागे बागायती गावाच्या बरोबरीला येईल. गावाने पैशाची बाजू सांभाळायची ती आपल्या ऐपतीइतकी, आणि ऐपतीतला फरक भरून काढणं हे राज्याचं काम. कारण तो फरक गावाने केलेला नाही.

सरकारला हे नवीन वाटायचं कारण नाही. जिल्हा परिषद जमीन महसुलावरचा आपला उपकर वाढवते तेव्हा राज्याकडून ‘वाढीव उपकर सापेक्ष अनुदान’ मिळतं. स्थानिक कराच्या जोडीला राज्याचा पैसा घालण्याची रीत इथे जुनीच आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायची सक्ती आहे, म्हणजे ठरावीक कामासाठी पैसा बाजूला काढायची सवयही ग्रामसेवकांना आहे. ग्रामपंचायत अधिनियमातल्या करांच्या यादीत भर घालावी लागेल. ते काम विधिमंडळाचं.

तिसरं भय म्हणजे, गाव देऊ लागलं की सरकार आपला हात काढून घेईल. हे भय मला सगळ्यात खरं वाटतं. २०२३च्या सप्टेंबरमध्ये राज्याने दोन गोष्टी एकाच महिन्यात केल्या होत्या. शाळा दत्तक देण्याचा निर्णय काढला, ज्यात ठरावीक रक्कम देणाऱ्याचं नाव पाच किंवा दहा वर्षं शाळेच्या नावापुढे लावायची सोय होती. आणि वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची माहिती मागवून समूह शाळांचे, म्हणजे अशा शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागितले. अशा शाळा १४ हजार ७००च्या वर होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांच्या आसपास मुलं शिकत होती. तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांची उदाहरणं तेव्हा पुढे केली गेली. एका हाताने शाळा देणगीदाराला द्यायची, दुसऱ्या हाताने लहान शाळा गुंडाळायची, असा अर्थ गावोगावी लोकांनी काढला आणि तो काढण्याला कारण होतं. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हा नियम कुणाच्या सोयीसाठी नाही. सात वर्षांची मुलगी ओढा ओलांडून तीन किलोमीटर जाणार नाही, म्हणून तो आहे.

त्यामुळे शाळापट्टीच्या कायद्यात एक कलम असं हवंच, की शिक्षकांचा पगार, मंजूर पदं, इमारत, पोषण आहार, पुस्तकं आणि गणवेश यांतला एक रुपयाही पट्टीच्या नावाखाली कमी करता येणार नाही. शिक्षक हा पट्टीतून नेमायचाच नाही. अमेरिकेने केंद्राकडून गरीब शाळांना मिळणाऱ्या पैशाला ‘हा भर म्हणून वापरायचा, आधीच्या पैशाच्या जागी नाही’ अशी अट घातली आहे. तसंच इथे हवं, आणि ते मोडलं तर शाळा व्यवस्थापन समितीला थेट दाद मागता यावी. हे कलम नसेल तर मी स्वतः या पट्टीच्या विरोधात उभा राहीन.

आणखी एक प्रश्न लोक चहाच्या टपरीवर हमखास विचारतील: माझी पोरं पिवळ्या गाडीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, मी इथल्या शाळेसाठी का भरू? याचं उत्तर सोपं आहे. दिवाबत्ती कर भरताना आपल्या दारासमोर खांब आहे का हे कुणी विचारत नाही. पण त्यापुढचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्यांचा आवाज पंचायतीत चालतो त्यांची मुलं शाळेतून निघून गेली आणि त्यांच्याबरोबर शाळेविषयीची चौकशीही निघून गेली. शिक्षक आले का, पाणी आहे का, हे विचारणारं दमदार माणूस उरलं नाही. ज्याच्या खिशातून दर वर्षी पैसा जातो तो माणूस विचारायला लागतो, मूल त्या शाळेत असो वा नसो. बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार २०२२ पासून कित्येक वर्षं निवडून आलेल्या सदस्यांशिवाय, प्रशासकाच्या हाताखाली चालला. त्या काळात शाळेविषयी जाब विचारायला जिल्ह्यात कुणीच नव्हतं. गावातला हा माणूस म्हणूनच हवा आहे.

वसुलीबद्दल एक कडक नियम पाहिजे. घरपट्टी थकली की ग्रामपंचायत दाखला अडवते, हे सगळीकडे चालतं. शाळापट्टी थकली म्हणून मुलाचा बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला किंवा शिष्यवृत्तीचा कागद कुठल्याही कारणाने अडवता येणार नाही, असं कायद्यात शब्दांनी लिहिलेलं असावं. आणि थकबाकीदारांची यादी शाळेच्या आवारात लावता येणार नाही, देणगीदारांचीही नाही.

कायदा व्हायला वेळ लागेल. तोवर ग्रामसभा स्वतःच्या अधिकारात बरंच करू शकते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ४० टक्के भाग अबंधित होता. गावाच्या गरजेप्रमाणे तो शाळेवर लावता येत होता, तरी कित्येक गावांत तो गटारीतच गेला. पेसा, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याच्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून थेट पाच टक्के निधी येतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दोन विषय लेखी द्यावेत. एक, गेल्या तीन वर्षांत शाळेसाठी जमलेल्या वर्गणीचा जमाखर्च वाचून दाखवावा, नावं न घेता, फक्त रकमा. दोन, गाव शाळेसाठी घरपट्टीच्या प्रमाणात ठरावीक रक्कम भरायला तयार आहे, मात्र राज्याने त्यात आपला हिस्सा घालावा आणि मंजूर शिक्षकपदं भरावीत, असा ठराव करून गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावा. ठरावाची एक प्रत आमदारांना द्यावी आणि पोच घ्यावी.